ऑम्लेट ताटलीत पूर्ण होतं

आमच्या घरात माझ्या ऑम्लेटला ‘चप्पल’ म्हणायचे. मुलगी टेबलाशी यायची, ताटलीत डोकावायची आणि विचारायची, “बाबा, आज डाव्या पायाची की उजव्या?” तपकिरी, कडेला कडक, मधे वातड, आणि गार झाल्यावर वाकवलं तर परत सरळ होणारं असं ते असायचं. बायको काही बोलायची नाही. ती मुकाट्यानं वरून सॉस ओतायची, आणि ते जास्त लागायचं.

यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की माझं पोटापाण्याचं कामच तापमानाचं आहे. भट्ट्यांना लावलेले तापमापक खरं बोलतात की नाही, हे मी तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या भट्टीत दोन अंशांचा फरक निघाला तरी शेरा मारायचा आणि घरी येऊन अंडं जाळायचं. मग मुलीनं ब्रेड भाजायच्या नादात सुईसारखा टोचायचा एक तापमापक आणला, आणि एका रविवारी गंमत म्हणून मी तो माझ्या चपलेत खुपसला. आकडा आला ९४.

अंड्याला ९४ अंशांची काहीही गरज नसते. पांढऱ्यातलं एक प्रथिन साधारण ६१-६२ अंश सेल्सियसलाच घट्ट व्हायला लागतं. बलक ६५ च्या आसपास दाटतो आणि ७० पर्यंत बसतो. दोन्ही एकत्र फेटलं की मिश्रण ७०-७३ च्या दरम्यान धरतं. पांढऱ्यातलं जे मुख्य प्रथिन आहे, निम्म्याहून थोडं जास्तच, ते मात्र ८० च्या पुढे घट्ट होतं. म्हणजे ऑम्लेट ७०-७३ ला उतरवलं तर ते मुख्य प्रथिन अजून सैल असतं आणि अंडं मऊ राहतं. ८० ओलांडलं की प्रथिनांची जाळी आवळत जाते, आतलं पाणी पिळून बाहेर काढते, आणि आपल्या हातात चप्पल उरते. मी दर वेळी वीस अंश पुढे जाऊन थांबत होतो.

त्यामुळे पुढे जे काही सांगतोय त्यातलं निम्मं हे ‘कधी थांबायचं’ याबद्दलच आहे. बाकीचं त्या मानानं सोपं आहे.

आधी भांडं. दोन अंड्यांना तळाशी १८ सेंटिमीटरचा पॅन, तीन अंड्यांना २० चा. याहून मोठ्या पॅनमध्ये अंडं पातळ पसरतं आणि मऊ राहायला त्याला जागाच उरत नाही. सपाट तव्यावरही तेच होतं. तव्यावरचं ऑम्लेट छान लागू शकतं, पण ते पातळ आणि खरपूस जातीचं, इथे मी सांगतोय ते नव्हे. पॅनची कड तिरकी, बाहेर झुकलेली हवी, म्हणजे ऑम्लेट घरंगळत ताटलीत येतं. नॉनस्टिक घ्या आणि संकोच करू नका. फक्त तो रिकामा मोठ्या आचेवर ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. २६० अंशांच्या पुढे तो लेप खराब व्हायला लागतो आणि रिकामं भांडं तिथे काही मिनिटांत पोहोचतं. धातूचं उलथनंही त्यात घालायचं नाही. लाकडी किंवा सिलिकॉनचं वापरा. बिडाचा पॅन चांगला मुरलेला असेल तर तोही चालतो, पण बीड उष्णता धरून ठेवतं. गॅस बंद केल्यावरही ते शिजवत राहतं, तेव्हा तिथे आणखी लवकर थांबावं लागतं.

अंडी तीन. त्याहून जास्त एका वेळी नाही. चार माणसं असतील तर चार ऑम्लेटं करा. एकेकाला दीड मिनिटसुद्धा लागत नाही. आठ अंड्यांचं एकच मोठं ऑम्लेट करायचा मोह मला बऱ्याचदा झाला आणि दर वेळी खालून करपलेलं, वरून वाहणारं असं काहीतरी झालं.

अंडं ताजं आहे का हे पाहायला ते पाण्यात सोडा. आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर मी ते खात नाही. टरफलाला बारीक छिद्रं असतात. दिवस जातील तसं त्यातून आतलं पाणी उडतं, आतला हवेचा कप्पा मोठा होतो आणि अंडं हलकं होतं. अर्थात ऑम्लेटला अगदी आजचंच अंडं हवं असं नाही. जुन्या अंड्याचं पांढरं पातळ होतं, पण आपण ते फेटणारच आहोत. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा रंग तिच्या खाण्यावर, तेव्हा त्यावरून चवीचे अंदाज बांधत बसू नका.

अंडं ओट्याच्या सपाट भागावर टिचकवा, वाटीच्या कडेवर नाही. कडेवर आपटलं की टरफलाचे बारीक कण आत ढकलले जातात. एकेक अंडं आधी लहान वाटीत फोडायचं आणि मग मोठ्या भांड्यात ओतायचं. मी हे करायचा कंटाळा करायचो, तो तिसरं अंडं खराब निघून आधीची दोन्ही वाया गेली तोवर. तरीही टरफलाचा तुकडा पडलाच, तर बोटानं त्याच्यामागे धावू नका, तो निसटत राहतो. टरफलाच्याच अर्ध्या वाटीनं काढा. तिची धार पांढऱ्याला कापत जाते आणि तुकडा अलगद वर येतो.

आता मीठ. तीन अंड्यांना पाव लहान चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. चीज घालणार असाल तर त्याहून कमी. मीठ आधी घातलं तर अंडं कडक होतं असं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आणि पाळतही आलो. होतं उलटंच. मीठ घालून, फेटून पंधरा मिनिटं ठेवलं तर मीठ प्रथिनांच्या मधे शिरतं, शिजताना ती एकमेकांना तितकी घट्ट धरत नाहीत, आणि पाणी आतच राहतं. मिश्रण किंचित काळपट, पातळ दिसतं. घाबरू नका, तेच हवं आहे. या पंधरा मिनिटांत फ्रिजमधल्या अंड्यांचा गारठाही जातो. गारढोण अंडं तापल्या पॅनमध्ये पडलं की पॅन एकदम थंड होतो आणि सगळा हिशेब बिघडतो.

फेटायला साधा काटा पुरे. काटा तळाला टेकवून इकडून तिकडे, इकडून तिकडे हलवत राहायचं. तीस-चाळीस फेऱ्या. काटा उचलल्यावर पांढऱ्याचे लांब तार लोंबायला नकोत. तेच तार नंतर ऑम्लेटमध्ये रबरासारखे लागतात. पण फेस येईतो गोल गोल घुसळायचंही नाही. या ऑम्लेटला हवा नको, एकजीवपणा हवा.

दूध घालायचं का? माझं मत, नाही. पांढऱ्यात जवळपास ९० टक्के आणि बलकात जवळपास निम्मं पाणीच असतं, त्यात आणखी कशाला? मोठा चमचाभर दुधानं काही बिघडत नाही, प्रथिनं थोडी विरळ झाल्यानं ऑम्लेट जरा मऊही होतं. पण हात सैल सुटला की ते ताटलीत पाणी सोडतं आणि चव फिकी लागते. मऊपणा हवा असेल तर लोण्याचे मटाराएवढे तीन-चार थंड तुकडे फेटलेल्या अंड्यात टाका. ते हळूहळू वितळतात आणि अंड्याला आतून वंगण देतात.

इथवर घाई नाही. इथून पुढे मात्र फोन उचलायचा नाही. ताटली आधीच बाजूला काढून ठेवा, आत भरायचं असेल ते हाताशी ठेवा आणि खाणाऱ्याला बोलावून बसवा. मुलगी ‘आले, आले’ म्हणत आंघोळीला गेली की मी गॅस पेटवतच नाही.

मध्यम आच, रिकामा पॅन, साधारण एक मिनिट. मग १० ग्रॅम लोणी, म्हणजे दोन लहान चमचे. आता लोण्याकडे बघा, कारण ते फुकटचा तापमापक आहे. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. ते उकळायला लागलं की फेस येतो आणि चरचर ऐकू येते. पाणी असेतो तापमान १०० च्या फार वर जात नाही. पाणी उडत आलं की फेस बसायला लागतो, आवाज कमी होतो, आणि तापमान वर सरकतं. फेस बसतोय पण रंग बदललेला नाही, हा तो क्षण. मी मोजलं तर माझ्या पॅनवर तेव्हा १२५-१३० अंश येतात. आणखी थांबलात तर लोण्यातले दुधाचे कण तांबूस व्हायला लागतात, खमंग वास सुटतो. तो वास मलाही आवडतो, पण त्या पॅनमध्ये अंडं ओतलं की खालचा थर लगेच तपकिरी होणार. तसं झालंच तर पॅन गॅसवरून उचलून दहा-पंधरा सेकंद हवेत धरा. नुसतं तेल किंवा तूप वापरलं तर ही फेसाची खूण मिळत नाही, त्यात पाणीच नसतं. तेव्हा अंड्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब हळूच पांढरा होऊन धरला तर ठीक, तडतडून फुगला तर पॅन जास्त तापलाय.

अंडं एकदम ओता. तीन आकडे मोजा. आता एका हातानं उलथन्यानं कडेचं धरलेलं अंडं मधे ओढायचं, आणि दुसऱ्या हातानं पॅन तिरका करून वरचं पातळ अंडं त्या मोकळ्या जागेत वाहू द्यायचं. कड, मधे, तिरका. कड, मधे, तिरका. पहिल्या काही वेळा हात एकमेकांशी भांडतात. भांडू द्या. जितकं भराभर ढवळाल तितकी कणी बारीक आणि ऑम्लेट साईसारखं. सावकाश ओढाल तर मोठ्या, मऊ घड्या पडतात. मला घड्या आवडतात, बायकोला बारीक कणी. हे सगळं माझ्याकडे चाळीस ते पन्नास सेकंदांत आटोपतं.

आणि आता तो थांबायचा क्षण. वाहणारं अंडं जवळजवळ संपलंय, पॅन तिरका केला तर काही पळत नाही, पण वरचा पृष्ठभाग ओला आहे, चकाकतोय, मधे थोडं थलथलतंय. डोळे सांगतात ‘अजून कच्चं आहे’. इथेच गॅस बंद करायचा. माझी सगळी चुकीची वर्षं याच्या पुढच्या एका मिनिटात गेली. पॅन तापलेला आहे, खालचा थर तापलेला आहे, घडी घातली की आतली वाफ कोंडते, आणि ऑम्लेट ताटलीत जाऊनही शिजत राहतं. मी सुई टोचून पाहिलं आहे. गॅस बंद करताना मध्यावर ६६, ताटलीत एका मिनिटानं ७१. पॅनमध्येच ‘झालं’ असं वाटलं, तर ताटलीत ते ‘जास्त झालं’ असणार.

गॅस बंद केल्यावर उलथन्यानं वरचं ओलं एकसारखं पसरा, वीस सेकंद हात लावू नका, मग पॅनचा दांडा वर उचलून जवळची कड मधे दुमडा. पॅन ताटलीवर झुकवा, पलीकडची कड आधी उतरवा आणि उरलेलं तिच्यावर पालथं पडू द्या. शिवण खाली जाते आणि वर फिकट पिवळी, गुळगुळीत गुंडाळी दिसते. फाटलं तर? वरून कोथिंबीर भुरभुरा आणि फाटकी बाजू आपल्याकडे घ्या. नुसतं अर्धं दुमडलं तरी चवीत कणाचाही फरक पडत नाही. गुंडाळी हा हाताचा माज आहे.

एक गंभीर गोष्ट. घरात लहान मूल, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर ओलसर मध्य ठेवू नका. अंड्यातल्या साल्मोनेला जंतूच्या भीतीनं अंड्याच्या पदार्थांना आतपर्यंत ७१ अंशांचा नियम सांगितला जातो. माझी आई जेवायला असते तेव्हा मी गॅस बंद करून घडी न घालता वर झाकण ठेवतो, एक मिनिट. वाफेनं वरचा थर पूर्ण बसतो, चकाकी जाते, आणि तळ जळत नाही. मग तापमापक टोचतो, आणि आई म्हणते, “अंड्याला ताप आलाय का रे?”

आत काय भरायचं हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, पण कसं भरायचं याला एकच नियम आहे: पाणी आधी बाहेर काढा. मशरूम, टोमॅटो, पालक, ढोबळी मिरची, सगळ्यांत पाणी भरलेलं असतं आणि ऑम्लेटच्या दीड मिनिटात ते उडत नाही. ते नंतर ताटलीत येतं. मशरूम वेगळे परता, आधी पाणी सुटतं, मग आटतं, मग कडा तांबूस होतात. तेव्हा ते तयार. पालक परतून मुठीत पिळा. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका. तीन अंड्यांना तीन मोठे चमचे भरण पुरे, आणि तेही गरम हवं. फ्रिजमधलं गार भरण आत घातलं तर ते मधलं अंडं शिजूच देत नाही. चीज मात्र बारीक किसून, गॅस बंद करायच्या दहा सेकंद आधी.

कच्चा कांदा आणि मिरची अंड्यातच फेटून केलेलं ऑम्लेट ही वेगळी जात. तिला हे ओलसर लाड मानवत नाहीत. तिथे कांदा अगदी बारीक हवा, जाड तुकडा असेल तिथे हमखास फाटतं. पातळ पसरायचं, आच जरा वाढवायची, खालून सोनेरी झालं की उलटायचं, दुसरी बाजू अर्धा मिनिट. कांद्याला मीठ लावून ठेवू नका, पाणी सुटेल, मीठ अंड्यात.

तिसरी जात म्हणजे फुगवलेलं ऑम्लेट. पांढरं आणि बलक वेगळे करायचे, पांढरं फेटून त्याची टोकं नुकती वाकतील इतपत फुलवायचं, बलक त्यात हलक्या हातानं मिसळायचे आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचं. पांढऱ्यात बलकाचा किंवा भांड्यात तेलाचा थेंब राहिला तर फेस नीट चढत नाही, म्हणून प्लास्टिकचं भांडं नको, ते तेलकटपणा सोडत नाही. फ्रान्समध्ये मों-सँ-मिशेल बेटावर १८८८ मध्ये सुरू झालेली मेर पुलार नावाची खाणावळ या ऑम्लेटसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे अंडी तांब्याच्या भांड्यात फेटतात. त्यात नुसता थाट नाही. तांब्याचे सूक्ष्म अंश पांढऱ्यातल्या एका प्रथिनाला चिकटतात आणि फेस जास्त टिकतो. मी हे तीनदा केलं. दिसतं देखणं, चावलं की निम्मी हवा. चौथ्यांदा करायची इच्छा झालेली नाही.

बिघडण्याचे प्रकार मी जवळजवळ सगळे करून पाहिलेत. चिकटलं, तर पॅन पुरेसा तापला नव्हता किंवा लेप गेला. नॉनस्टिकचा लेप गेल्यावर कितीही लोणी घाला, पॅन बदलावाच लागतो. वर कच्चं आणि खाली तपकिरी, तर आच मोठी होती किंवा हात चालला नाही. ताटलीत पाणी आलं, तर जास्त शिजलं किंवा भाजीनं पाणी सोडलं. बलक आणि पांढऱ्याचे पट्टे दिसले, तर फेटायचा कंटाळा. आणि उलटताना निम्मं गॅसवर पडलं, तर उलटायला सांगितलं कुणी होतं?

तुमच्याकडे टोचायचा तापमापक असेल तर पहिल्या पाच-सहा वेळा वापरा आणि आकड्याबरोबर ऑम्लेट कसं दिसतंय ते लक्षात ठेवा. नंतर लागत नाही. मी आता तो आईच्या ऑम्लेटपुरताच काढतो.

खाऊन झाल्यावर अंड्याचं भांडं आणि काटा आधी गार पाण्यानं धुवा. गरम पाणी साठाच्या पुढे असेल तर उरलेलं अंडं काट्याच्या दातांमधे शिजून बसतं, आणि मग ते नखानं खरवडत बसावं लागतं.